खालच्या खणात तीन अंडी

मुंगी चार वर्षांची असताना दूध प्यायची नाही. पेला समोर ठेवला की ओठ असे मिटायची, की चमचा घालून उघडावे लागायचे. शेवटी आमचा करार झाला: एका पेल्याला एक थाप. आणि त्या दिवशी पेला मोठा होता.

मी म्हटलं, "मी तरुण होते ना, तेव्हा एकदा भरदिवसा सूर्याला ग्रहण लागलं. अंधार गुडूप! माझी कोंबडी सकाळीच अंडं घालून मोकळी झाली होती, ती बिचारी परत झोपायला गेली. दोन मिनिटांनी ऊन पडलं. तिला वाटलं, अगं बाई, उजाडलं की! उठली आणि घातलं दुसरं अंडं. कोंबडा परत आरवला. दूधवाला परत दूध घालून गेला. तुझे आजोबा सकाळी केलेली दाढी परत करायला बसले."

पेला रिकामा झाला. मी विसरून गेले.

मुंगी विसरली नाही. ती आता नऊ वर्षांची आहे, आणि तिला मुंगी म्हणतात ते उगाच नाही. जे सापडेल ते उचलायचं आणि घरी आणायचं. खडा, बटण, तुटकी कंगवी, आणि आजीच्या थापा. फक्त या वेळी तिने घरातलं उचलून बाहेर नेलं.

त्यांच्या वर्गात विज्ञानाच्या बाईंनी एक फळा लावलाय. त्याचे तीन भाग: 'तपासायचंय', 'खरं निघालं', 'खोटं निघालं'. पोरांनी घरी जे काही ऐकलं असेल ते चिठ्ठीवर लिहून आणायचं आणि पहिल्या भागात टाचायचं. मग बाई ते सगळ्यांसमोर तपासणार. ज्याने चिठ्ठी आणली त्यानेच ती आपल्या हाताने काढून खऱ्यात नाहीतर खोट्यात लावायची, आणि खाली लिहायचं, हे आपल्याला कुणी सांगितलं. एका पोराच्या काकाचं नाव खोट्यात तीनदा लागलंय. तो काका आता शाळेच्या रस्त्याने जात नाही म्हणे.

एक दिवस मुंगी शाळेतून आली ती नाक लाल करून. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे.

"आजी, पुढच्या शुक्रवारी ग्रहण आहे. पूर्ण. आपल्याच गावावरून जाणार आहे."

"जाऊ दे बापडं. आपण काय वाट अडवलीय?"

"मी मागेच एक चिठ्ठी लावली होती. 'ग्रहणात कोंबडी दुसरं अंडं घालते.' ती आज वाचली तर वर्गातला तो चष्मेवाला पोरगा हसला. म्हणाला, तुझी आजी गोळ्या देते. मी त्याला ढकललं. मग त्याने मला ढकललं. मग बाई म्हणाल्या, भांडू नका, तपासून बघू. शुक्रवारी बाई आणि आमचा गट आपल्या परसात येणार. वही घेऊन."

तीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला अख्खा दिवस लागतो, वर तासभर जास्तच. तिला तुम्ही ग्रहण दाखवा नाहीतर सिनेमा दाखवा, ती घाई करत नाही.

"आजी," मुंगी म्हणाली, "तू सांगितलंस ते खरंच ना?"

आता अशा वेळी शहाणी बाई काय बोलेल? मी म्हटलं, "त्या दुसऱ्या अंड्यात तर दोन बलक होते."

रात्रीची जेवणं झाल्यावर सूनबाईने मला मोरीत गाठलं. सूनबाई चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. घरातही तिला सगळं नंबरातच लागतं. माझ्या कोंबड्यांची अंडी ती खात नाही. म्हणते, त्यांना माती लागलेली असते. स्वतःसाठी विकतच्या अंड्यांचं खोकं आणते, धुतलेली, एकसारखी, शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी.

"आई, पोरीला तोंडघशी पाडणार तुम्ही. उद्याच्या उद्या तिला खरं काय ते सांगा."

"सांगते की."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"मी कुठे कोंबडं झाकतेय? इथे सूर्यच झाकला जातोय!"

"आई!"

"अगं सांगते म्हटलं ना."

आणि मी खरंच प्रयत्न केला. तीनदा. पहिल्यांदा मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, की त्या अंड्यातून निघालेलं पिल्लू उलटं चालायचं. दुसऱ्यांदा मुंगीने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, की मी सरळ तिची वेणीच घालायला घेतली. तिसऱ्यांदा ती झोपलेली होती. झोपलेल्या माणसाला खरं सांगणं मला छान जमलं, पण सूनबाईने ते धरलं नाही.

पोरीला कुणी हसलं तर हसू दे, चार दिवसांनी पोरं विसरतात. पण मुंगी उठणार, त्या फळ्यापाशी जाणार, आपल्या हाताने चिठ्ठी खोट्यात लावणार आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिणार: आजी. त्यानंतर तिने माझ्याकडे एकही गोष्ट मागितली नसती. पेले रिकामे करायचं तिचं वय गेलं, आता गोष्टी ती फुकट ऐकते. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवते म्हणूनच ना?

तेव्हा मी ठरवलं. कोंबडी अंडं घालत नसेल तर नसो. आपण घालू.

आमचं खुराडं म्हणजे खरं तर कपडे ठेवायचं कपाट. ह्यांनी त्याला जाळी ठोकली, आत आडव्या काठ्या बसवल्या आणि खालचे दोन खण अंडी घालायला ठेवले. दाराचा आरसा तसाच आहे. आमचा कोंबडा रोज सकाळी त्या आरशातल्या कोंबड्याशी भांडतो आणि रोज हरतो. पाठीमागे ह्यांनी एक फळी बिजागरीवर लावलीय, ती उचलली की मागूनच हात घालून खणातली अंडी काढता येतात. ही फळी घरच्यांनाच माहीत.

कोंबड्या पाच. त्यातली महाराणी ही सगळ्यात जाडी आणि सगळ्यात भाव खाणारी. खालचा खण तिचा. दुसरी कुणी तिथे बसली की महाराणी तिच्या डोक्यावर बसते.

शुक्रवार उजाडला. बाई नऊलाच हजर. काठीसारख्या सडसडीत, गळ्यात स्टॉपवॉच, मागे चार पोरं. चष्मेवाला सगळ्यात पुढे, त्याच्या हातात वही आणि कानामागे दोन पेन्सिली. एक मोडली तर म्हणून.

"आजी, तुमची परवानगी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"या की! कोंबड्यांची काही हरकत नाही."

बाईंनी सगळं पद्धतशीर केलं. सकाळची चार अंडी टोपलीत काढली, प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली. खणातला पेंढा उचकटून बघितला. चष्मेवाल्याने जमिनीवर गुडघे टेकून खालच्या खणात डोकं घातलं आणि ओरडला, "बाई, रिकामा आहे!" महाराणीने त्याच्या कानाला चोच मारली. मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली.

दहा वाजता सूर्याला पहिला चावा बसला. सूनबाई अर्धी सुट्टी टाकून दुकानातून आली, ग्रहणाचे काळे चष्मे घेऊन. सगळ्यांना एकेक वाटला. माझ्याकडे बघून थबकली.

"आई, या उन्हात स्वेटर?"

"ग्रहणात गारठा पडतो."

"आणि हात असा का धरलाय?"

"खांदा धरलाय माझा. वयाचं काही विचारत जाऊ नकोस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या काखेत अंडं होतं. महाराणीचंच, आदल्या दिवशीचं. ताजं घातलेलं अंडं कोमट असतं, हे त्या बाईंना माहीत असणारच. गार अंडं ठेवून मी माझं हसं करून घेणार नव्हते. थाप मारायची तर नीट मारावी.

अकराच्या पुढे उजेड विचित्र व्हायला लागला. संध्याकाळी होतो तसा पिवळा नाही, तर पाणी घातलेल्या दुधासारखा. लिंबाच्या झाडाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडायचे ते सगळे कोयत्याच्या पात्यासारखे झाले, शेकड्यांनी. पोरं त्यांच्यावर उड्या मारायला लागली. वारा थंड झाला. बघा, स्वेटरचं माझं खरंच ठरलं.

आणि कोंबड्या! मी कितीही थापा मारो, हे मात्र जसंच्या तसं सांगते. आधी त्यांनी खायचं थांबवलं. मग एकेक मान वर करून आकाशाकडे एका डोळ्याने बघितलं. मग चालल्या खुराड्याकडे, रोज संध्याकाळी जातात त्याच क्रमाने. महाराणी पहिली. तिच्या मागे दोघी. मग ती शेपूट झडलेली. सगळ्यात शेवटी ती घाबरट, जी दारात येऊन दोनदा परत जाते. मुंगीला बाईंनी दारापाशी उभं केलं होतं, आत जाणाऱ्या मोजायला.

"चार!" मुंगी ओरडली. "चार! चार! ...पाच!"

कोंबडा आरशापुढे थांबला. आतल्या कोंबड्याकडे बघितलं. आज भांडायला वेळ नाही असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि तो मान ताठ ठेवून आत गेला.

"आता!" बाई म्हणाल्या आणि स्टॉपवॉच दाबलं. "दोन मिनिटं दहा सेकंद! सगळ्यांनी वर बघा!"

दिवा मालवावा तसा दिवस गेला. चांदण्या निघाल्या. पोरं किंचाळली. रस्त्यावर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. शेजारच्या घरातला शिंपी मशीन सोडून कुंपणाशी आला आणि "च्यायला!" एवढंच म्हणाला. सगळ्यांची तोंडं वर.

मी वर बघितलं नाही. आयुष्यात एकदाच दिसणारी गोष्ट, आणि मी ती बघितली नाही. मी कपाटामागे सटकले, फळी उचलली, काखेतलं अंडं काढलं आणि खालच्या खणात हात घातला.

आत एक हात होता.

महाराणीचं पीस नव्हतं, पंजा नव्हता. हात. बोटात अंगठी. मी इतकी दचकले की अंडं सुटता सुटता राहिलं. त्या हाताने माझं मनगट पकडलं. मी त्या हाताला चिमटा काढला.

"आई गं!" फळीच्या दुसऱ्या टोकाकडून बारीक आवाज आला. सूनबाई!

"तू काय करतेयस इथे?" मी कुजबुजले.

"तुम्ही काय करताय?"

"मी कोंबडीला धीर देतेय."

"मीसुद्धा."

"नंबरवाली बाई तू! नाकाने कांदे सोलतेस, आणि—"

"पोरगी तोंडघशी पडेल ना, आई! हळू बोला. झालं का तुमचं?"

"सरक जरा."

वर काठीवर महाराणी झोपेत गुरगुरली. आम्ही दोघी फळी लावून उलट्या दिशांनी पळालो. सूनबाई एवढी जोरात पळू शकते हे मला लग्नाच्या बारा वर्षांनंतर कळलं.

सूर्याच्या कडेला हिऱ्यासारखा ठिपका पेटला आणि दिवस परत आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आतून कोंबडा आरवला, घसा फाटेपर्यंत. चष्मेवाल्याने लिहिलं, उजेडानंतर चाळीस सेकंद. कोंबड्या बाहेर आल्या, एकमेकींकडे न बघता, सुट्टीच्या दिवशी चुकून कामावर गेलेल्या माणसांसारख्या.

बाई खुराड्यापाशी बसल्या. खण ओढला.

"अरे!"

मी मान वळवून लिंबाच्या झाडाकडे बघत होते. निरागस.

"एक," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन." मग पेंढ्यात आणखी आत हात घातला. मग म्हणाल्या, "तीन?"

मी सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. आमची दोन. तिसरं कुणाचं?

बाईंनी तिन्ही अंडी उपड्या बादलीवर मांडली. पहिलं उचललं, फिरवून बघितलं आणि चष्मेवाल्याच्या हातात दिलं. त्याने मोठ्याने वाचलं, "या तारखेपूर्वी वापरावे."

सूनबाईच्या विकतच्या खोक्यातलं. शिक्क्यासकट! जन्मात खुराड्यात हात न घातलेली बाई. तिला वाटलं, अंडं ते अंडं. शिंपी कुंपणावर इतका वाकला की पडायचाच.

"हुशार कोंबडी आहे," तो म्हणाला. "छापून घालते."

बाईंनी दुसरं अंडं बादलीवर ठेवून गिरकी दिली. ते भोवऱ्यासारखं गरगरत राहिलं. कच्चं अंडं असं फिरत नाही, ते डगमगतं.

"हे उकडलेलं आहे," बाई म्हणाल्या.

तिसरं त्यांनी तळहातावर घेतलं. गालाला लावलं. कोमट. तपकिरी, एका बाजूला मातीचा ठिपका. ना फुली, ना शिक्का. गिरकी दिली, ते डगमगलं. बाईंचे डोळे मोठे झाले.

"हे मात्र..." त्या हळूच म्हणाल्या. "हे ताजं वाटतंय."

चष्मेवाल्याची एक पेन्सिल पडली. मी जिंकले होते हो! अख्खा गट आ वासून माझ्या काखेतल्या अंड्याकडे बघत होता.

पण बाईंनी ते खाली ठेवलं आणि वळल्या.

"उकडलेलं अंडं कुणाच्या डब्यात होतं?"

मुंगीचे कान लाल झाले. दारापाशी, सगळ्यांत जवळ, तीच तर उभी होती.

"तू ठेवलंस?"

मुंगीने मान हलवली. हो.

"मग मला तुझी चिठ्ठी बाद करावी लागेल," बाई म्हणाल्या. रागाने नाही, आणि तेच वाईट होतं. "खरंखोटं नंतर. तपासणीत लबाडी करणाऱ्याची चिठ्ठी फळ्यावर राहत नाही. पुन्हा लावताही येत नाही."

चष्मेवाला हसला. मुंगी रडली नाही. ती आपल्या बुटांकडे बघत उभी राहिली, आणि माझं ते तपकिरी अंडं बादलीवर रुबाबात बसलं होतं. खरं ठरलेलं.

मी म्हटलं, "बाई, ते कोमट अंडं कालचं आहे."

"काय?"

"महाराणीचंच आहे, पण कालचं. सकाळपासून माझ्या काखेत होतं. आणि ती ग्रहणाची गोष्टसुद्धा थाप. कुठलीच कोंबडी एका दिवसात दोनदा अंडं घालत नाही. लबाड म्हणायचं तर मला म्हणा, पोरीने माझं नाव राखायला केलं."

"आणि शिक्क्याचं माझं," सूनबाई एकदम म्हणाली. मान खाली, आवाज दुकानातल्यासारखा स्पष्ट.

चष्मेवाल्याने आळीपाळीने तिघींकडे बघितलं. "म्हणजे तिघींनी?"

"लिही," बाई म्हणाल्या. त्यांचं तोंड असं वाकडंतिकडं झालं होतं, की हसू आवरताहेत की शिंक, कळेना. "नीट लिही. अंधारात घातलेली अंडी: कोंबड्यांनी शून्य, बायकांनी तीन."

शिंप्याला खोकल्याची उबळ आली.

बाईंनी चिठ्ठी बाद केली नाही. म्हणाल्या, तिघींनी कबूल केलं, तेव्हा ती सरळ खोट्यात जाईल, नियमाप्रमाणे. चिठ्ठी त्यांनी वहीत घालून आणली होती, ती मुंगीच्या हातात दिली. मुंगी पायरीवर बसली. पेन्सिल मागितली. मी तिच्या पाठीमागे उभी राहिले, कारण ते अक्षर मला बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

तिने 'कुणी सांगितलं' याच्यापुढे लिहिलं: आजी. जरा थांबली. मग पुढे: आई आणि मी.

सगळे गेल्यावर सूनबाई कामावर पळाली आणि आम्ही दोघी खण धुवायला बसलो. मुंगी नुसती पेंढा झटकत होती. मला गप्प बसायची सवय नाही, जीभ दुखायला लागली.

शेवटी मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असेल. मी खोटं बोलले."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"बाईंनी मागच्याच महिन्यात शिकवलं, अंड्याला एक दिवस लागतो."

"मग चिठ्ठी कशाला लावलीस कारटे? त्या पोराला ढकललंस कशाला?"

"चिठ्ठी त्याच्याही आधी लावली होती. आणि तो हसला ना," मुंगी म्हणाली. "तुला मी हसेन. त्याने कशाला हसायचं?"

मी पेंढ्यात काहीतरी शोधायला लागले. धूळ गेली डोळ्यात, दुसरं काही नाही.

"आजी."

"काय गं?"

"मला उकडलेलं ठेवायला नको होतं. तू मला आधी सांगायला हवं होतंस, मीपण कोमट केलं असतं. काखेत किती वेळ धरलंस?"

"सकाळी सातपासून."

मुंगीने आपला हात अंगाशी चिकटवून बघितला, मग जरा सैल केला. विचार करत होती. "एवढा वेळ? फुटलं नाही?"

मी आजूबाजूला बघितलं. सूनबाई नव्हती.

"पहिली दोन फुटली," मी म्हटलं.